धाकट्याच्या मागे

१६ फेब्रुवारी, रविवार

धाकटा गेला. असं नुसतं लिहिलं की भलताच अर्थ निघतो. म्हणजे वेगळं राहायला गेला, शहराच्या दुसऱ्या टोकाला, तिसऱ्या मजल्यावरच्या एका खोलीत. सामानाला एक टेम्पो पुरला. पलंग, रेडिओ, कपड्यांच्या पेट्या आणि आईची लोखंडी कढई. कढई मागितली तेव्हा मला हसूच आलं. तिच्यात तू करणार काय, असं विचारलं. म्हणाला, "आधी जाळीन. मग शिकेन."

एक्केचाळीस वर्षांचा माणूस आहे. जन्मापासून त्याला दिसत नाही. वडील घर सोडून गेले, मग आई वारली, तेव्हा तो नऊ वर्षांचा होता आणि मी एकवीस. तेव्हापासून तळहातावरच्या फोडासारखं जपलं त्याला. असं म्हटलं की लोकांना वाटतं, ही स्वतःचीच टिमकी वाजवते. पण दुसरं मी केलं तरी काय इतकी वर्षं?

निघताना दारात म्हणाला, "ताई, रविवारी येत जा. फक्त येण्याआधी फोन कर." सख्ख्या भावाच्या घरी फोन करून जायचं. ऐकून घेतलं.

रोज संध्याकाळी मी त्याला पेपर वाचून दाखवायचे. आज सवयीने पेपर उघडला, पहिला मथळा मोठ्याने वाचला आणि गप्प बसले. त्यापेक्षा हे लिहिणं बरं. निदान हे तो वाचणार नाही.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

लॅबमध्ये सगळ्यांना कळलंय. मी दातांच्या लॅबमध्ये कवळ्या बनवते. मेणात एकेक दात बसवायचा, रंग जुळवायचा, चावा तपासायचा. शेजारच्या टेबलावर पॉलिशवाली बसते. तयार कवळी घासून चकचकीत करणं तिचं काम. पुढच्या महिन्यात निवृत्त होते आहे.

मालक म्हणाले, "चला, सुटलात." मावशीने फोनवर सांगितलं, "मोकळी झालीस गं बाई." पॉलिशवाली म्हणाली, "आता तू स्वतंत्र. राणी आहेस."

दिवसभर दात लावता लावता हे तीन शब्द चघळत होते. सुटतो तो कैदी. मी काय गुन्हा केला होता? मोकळी म्हणजे तर पोत्यातलं धान्य काढून घेतलं की पोतं मोकळं होतं तशी. आणि स्वतंत्र हा धाकट्याचाच शब्द. "मला स्वतंत्र राहायचंय," हेच तर म्हणत होता सहा महिने. जणू इथे मी त्याला दावणीला बांधला होता.

पॉलिशवालीने चहाच्या सुट्टीत तिची गोष्ट सांगितली. नवऱ्यापासून वेगळी झाल्यावर ती कितीतरी दिवस सकाळी दोघांचा चहा टाकायची आणि अर्धा ओतून द्यायची. मग एक दिवस बाजारातून मोठा कप आणला. मी म्हटलं, माझं तसं नाही, तो परत येणार आहे. ती कप विसळायला उठली.

२३ फेब्रुवारी, रविवार

फोन करून गेले. जिना अंधारा आहे, पण त्याला काय त्याचं. खोली बरी आहे. खाली केस कापणाऱ्याचं दुकान आहे, दिवसभर तिथला रेडिओ वर ऐकू येतो. मी दार वाजवण्याआधीच त्याने उघडलं. म्हणाला, "जिन्यातच कळलं मला." कवळीचा गुलाबी मसाला कालवायला जे औषध लागतं, त्याचा उग्र वास माझ्या केसांतून जात नाही, कितीही धुवा. घरीही तो वासावरूनच मला ओळखायचा.

शेगडीच्या बटणांवर रबरी पट्टे गुंडाळलेत. मी आपल्या घरी बटणांवर कवळीच्या मसाल्याचे उंच टिपके केले होते, तसे करून देते म्हटलं. नको म्हणाला, हे चालतंय. बोटावर फोड होता. त्याने कढईत अंडी केली. कवचाचा तुकडा माझ्या दाताखाली आला. गुपचूप गिळला. कशी झालीत म्हणून विचारलं, तर मी म्हटलं, छान.

"खोटं. करकरलेलं ऐकू आलं मला," म्हणाला आणि हसत सुटला.

हसत होता, पण वाळलाय. डोळ्यांखाली काळं आलंय. मला दिसतं ते.

२६ फेब्रुवारी, बुधवार

आज एक गोष्ट केली. लॅबमधून निघाले आणि घरची बस न पकडता त्याची पकडली. तो पाणीपुरवठ्याच्या कचेरीत तक्रारींच्या फोनवर बसतो; साडेपाचला सुटतो. त्याच्या थांब्यासमोर औषधांच्या दुकानापाशी उभी राहिले. उतरला. पांढरी काठी उघडली. खोलीपर्यंत चालत गेला, मी रस्त्याच्या या बाजूने. पोचला. मग मी घरी आले.

याला कोणी लपूनछपून म्हणेल. पण ज्याला दिसतच नाही त्याच्यापासून लपणं कसलं? उघड्यावर तर होते मी.

५ मार्च, बुधवार

आता रोज जाते. चपला वाजतात म्हणून कापडी बूट घेतलेत.

पदपथावर लोक काय काय ठेवतात! आडव्या दुचाक्या, कचऱ्याचे डबे, दुकानाची पाटी, कुणाची खुर्ची. मी त्याच्या पुढे जाऊन वाट साफ करते आणि मग त्याच्या मागे येते. काल एक दुचाकी हलेना, तर एका माणसाला हात लावायला सांगितलं. त्याने विचारलं, "तुमचं आहे का?" मी म्हटलं, हो. गाडीबद्दलच विचारलं असणार त्याने.

तो किती सरळ चालतो आता! अडखळत नाही, थबकत नाही. लोकांना वाटत असेल, आंधळा असून काय चालतो बघा. वाटू दे. कुणाला काय सांगायचंय.

घर खायला उठतं म्हणतात, ते एवढे दिवस नुसतं म्हणण्यापुरतं वाटायचं. आता पोचते तोवर भूक मेलेली असते आणि झोप येते. हे बरं आहे.

१४ मार्च, शुक्रवार

एकटं राहून धाकटा स्वतःशीच बोलायला लागलाय. मला हीच भीती होती. आज थांब्यावर उतरला आणि मोठ्याने म्हणाला, "बस फार उशिरा आली आज." आजूबाजूला कोणी नव्हतं. परवाही कोपऱ्यावर उभं राहून म्हणाला, "डावीकडे दूध घ्यायचंय." आणि गेला डावीकडे.

गुडघा दुखतोय माझा. नशीब, तोही हल्ली हळू चालतो. अशक्तपणा असेल.

आज वाटेत पाऊस आला. तो एका दुकानाच्या छपराखाली थांबला. मी पलीकडच्या छपराखाली. पाऊस जवळजवळ थांबला होता, लोक चालायलाही लागले, पण हा उभाच. त्याच्याकडे छत्री असते, ती उघडलीच नाही. मी नव्हती आणली. माझ्या डोक्यावरच्या पत्र्यावरून गळणारं पाणी थांबलं, तेव्हा कुठे निघाला. एवढ्याशा पावसाला घाबरायला लागलाय पोरगा.

रविवारी सांगणार आहे, परत चल.

२० मार्च, गुरुवार

नीट लिहायला जमणार नाही आज. तो खोलीवर गेला नाही. थांब्यावरून दुसरीकडेच वळला, मी मागोमाग. मोठं मैदान आहे तिथे, गोल धावायच्या पट्ट्या आखलेलं. तिथे एक उंच बाई त्याची वाट पाहत होती. तिने एक आखूड दोरी काढली. एक टोक त्याच्या मनगटाला, एक तिच्या. आणि दोघं धावायला लागली.

दोरी बांधून पळवतात याला, गुरासारखं! कुंपणाच्या जाळीला धरून उभी राहिले. एक फेरी, दुसरी फेरी. ती वळणावर काहीतरी म्हणायची, तो मान हलवायचा. माझ्यासमोरून गेला तेव्हा त्याचं तोंड उघडं होतं, केस मागे उडालेले. मला आधी वाटलं, ओरडतोय. हसत होता.

मी त्याला कधी धावताना पाहिलं नव्हतं. लहानपणी धावायला लागला की मी ओरडायचे. मग त्याने सोडलं.

मला म्हणतो, स्वतंत्र राहायचंय. आणि परक्या बाईच्या दोरीला स्वतःहून हात देतो. मग माझा हात काय वाईट होता?

१ एप्रिल, मंगळवार

काल पॉलिशवालीचा शेवटचा दिवस. सगळ्यांनी मिळून बाहेर जेवायचं ठरवलं. मी नको म्हणत होते, धाकट्याची वेळ होते म्हणून. कारण सांगता येईना. तिने हाताला धरून नेलं. गच्चीवरचं हॉटेल होतं. मालकांनी त्यांचा जुना किस्सा सांगितला: एका म्हाताऱ्या गृहस्थांना बायकोची कवळी गेली आणि बायकोला त्यांची, आणि दोघांनीही आठवडाभर तक्रार केली नाही, कारण दोघांनाही वाटलं, वय झालं की असंच होत असेल. मी इतकी हसले की डोळ्यांतून पाणी आलं. पॉलिशवाली म्हणाली, "तुला दात आहेत हे मला आज कळलं."

घरी पोचते तर इस्पितळातून फोन.

पदपथावर नळासाठी खड्डा खणला होता. भोवती अडथळा ठेवायला हवा होता, तो ठेवला नव्हता. धाकटा सरळ आत. डावं मनगट मोडलं, कपाळाला टाके. केस कापणाऱ्याने त्याला वर काढला आणि इस्पितळात नेला.

मी गच्चीवर हसत होते तेव्हा तो खड्ड्यात होता. आयुष्यात एकदा गेले कुठे, तर हे.

६ एप्रिल, रविवार

धाकटा घरी आहे. त्याच्या जुन्या खोलीत, जुन्या गादीवर. डॉक्टर म्हणाले, महिनाभर तरी प्लास्टर. शर्टाची बटणं लावून देते, भात कालवून देते. संध्याकाळी पेपर वाचते. लॅबमधून सरळ घरी येते आणि जिन्यातच त्याचा रेडिओ ऐकू येतो. आज बाजारातून येताना मी काहीतरी गुणगुणत होते असं शेजारीण म्हणाली.

तो फारसं बोलत नाही. दुखत असेल.

१२ एप्रिल, शनिवार

त्याच्या घरमालकांना फोन केला. सांगितलं, तो आता परत येणार नाही, खोली दुसऱ्याला दिलीत तरी चालेल. सगळा विचार करूनच केलं. रिकाम्या खोलीचं भाडं कशाला? त्याला सावकाश सांगेन, मन जरा थाऱ्यावर आलं की.

२० एप्रिल, रविवार

मी सांगायच्या आधीच त्याला कळलं. घरमालकांनी त्यालाच फोन केला, सामान कधी हलवताय म्हणून. मी स्वयंपाकघरात होते. तो भिंतीला हात लावत आला आणि दारात उभा राहिला. ओरडला असता तर बरं झालं असतं.

मी आधीच सुरू केलं. खड्ड्याचं बोलले, टाक्यांचं बोलले, जीव कसा टांगणीला लागतो ते बोलले. म्हटलं, एकटा चालू शकत नाहीस हे आता तरी कबूल कर.

तो म्हणाला, "एकटा कुठे चालत होतो? तू होतीस की."

माझ्या हातातलं पातेलं मी खाली ठेवलं.

"पहिल्या दिवसापासून माहीत आहे मला, ताई. औषधांच्या दुकानापाशी उभी होतीस. अख्ख्या रस्त्यावर तो वास एकाच बाईच्या अंगाला येतो."

मग बोललास का नाहीस, एवढंच विचारलं.

"आधी राग आला होता. मग म्हटलं, येऊ दे, तिची संध्याकाळ जाते. तुझा गुडघा दुखायला लागला, तर पाय घासत चाललेलं ऐकू यायचं, मी हळू चालायचो. तुला भिजायला नको म्हणून थांबायचो. दूध घ्यायला वळायचो तर आधी सांगायचो, तू चुकू नयेस म्हणून."

मी खुर्चीवर बसले. तो उभाच होता.

"आणि मग मलाच सवय लागली. तू वाट साफ करतेस हे माहीत होतं. काठी नुसती हातात धरायचो, टेकवायचो नाही नीट. त्या दिवशी तू नव्हतीस, तेही मला कळलं होतं. पण हात विसरला होता."

"म्हणजे माझ्यामुळे पडलास तू?"

"खड्डा उघडा होता म्हणून पडलो. तेवढं नको घेऊस अंगावर." मग म्हणाला, "ताई, मला तुझ्यापासून सुटायचं नाहीये. मला फक्त माझं माझं पडायचंय."

मी म्हटलं, त्या बाईची दोरी चालते तुला. त्याला हेही माहीत होतं. जाळीपाशी मी होते त्या दिवशी वारा माझ्याकडून त्याच्या तोंडावर होता. म्हणाला, "ती दोरी मी मागून घेतली आहे. आणि मी मनगट झटकलं की ती सोडते."

जेवलो दोघं. आपलेच दात, आपलेच ओठ, चावा कुणाला लागला म्हणून सांगायचं?

२१ एप्रिल, सोमवार

सकाळी लॅबमधून घरमालकांना फोन केला. म्हटलं, चूक झाली, माझा भाऊ परत येणार आहे. ते म्हणाले, एक जोडपं बघून गेलंय, उद्या नक्की सांगणार आहेत. मी अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि समोर जाऊन उभी राहिले. तो कसा भाडेकरू आहे, असं त्यांनी विचारलं. मी सांगितलं, स्वच्छ राहतो, वेळ पाळतो, अंडी जाळतो. ते हसले. खोली राहिली.

परत येताना त्याच पदपथावरून आले. खड्डा बुजवलाय. कोण कोणाला सांभाळत होतं त्या संध्याकाळी, याचा विचार मी आज करणार नाही.

११ मे, रविवार

प्लास्टर काल निघालं. हात बारीक झालाय. धाकटा आज गेला, आणि यावेळी टेम्पोही लागला नाही. एक पिशवी. मी सोडायला येते असं तोंडावर आलं होतं. तो दारात थांबला, मी म्हणेन म्हणून असेल. मी म्हटलं, पोचलास की कळव.

गॅलरीत उभी राहिले. काठीचा आवाज गल्लीच्या वळणापर्यंत आला, मग नाही.

१६ मे, शुक्रवार

पाच दिवस सरळ घरी आले. संध्याकाळ एवढी लांब असते हे मी विसरले होते. भांडी घासते, कपाट लावते, परत काढते, परत लावते. पॉलिशवालीच्या टेबलावर नवी मुलगी आली आहे, कानात गाणी घालून बसते. आज दिवसभरात मी कुणाशी काय बोलले ते आठवत होते. ड्रायव्हरला थांबा सांगितला. मालकांना म्हटलं, ही बॅच सोमवारी. बस.

कापडी बूट दारात आहेत. दोनदा घातले, दोनदा काढले.

२३ मे, शुक्रवार

संध्याकाळी त्याचा फोन आला. आवाज दमलेला, पण चढा. आज कचेरीतून नव्या रस्त्याने जाऊन बघावं म्हणून निघाला आणि पार हरवला. कुठल्याशा बाजारात शिरला, मग एका शाळेच्या भिंतीला लागला, मग कुत्री मागे लागली. तास-दीड तास भटकत होता. शेवटी पावाच्या भट्टीचा वास आला आणि त्यावरून रस्ता सापडला. कोपराला खरचटलंय म्हणाला.

मी दात ओठ खाऊन ऐकत होते. फोन का नाही केलास, एवढंच तोंडातून निघालं.

"केला ना. सापडल्यावर."

मला पुढे बरंच म्हणायचं होतं. म्हटलं नाही. मग विचारलं त्याने, "आणि तू? तू काय केलंस आज?"

साधा प्रश्न. पण इतक्या वर्षांत त्याने कधी विचारला नव्हता, आणि विचारायची गरजही नव्हती. मी जे काही केलं ते त्याच्यासमोर, त्याच्यासाठीच तर असायचं. मी आठवायला लागले. फोनवर नुसता माझा श्वास त्याला ऐकू जात असणार.

"अजून काही नाही," मी म्हटलं.

"बरं," म्हणाला. हसला नाही.

२४ मे, शनिवार

लॅब अर्धा दिवस होती. बसमध्ये बसले आणि माझा थांबा आला तेव्हा उतरले नाही. का, ते माहीत नाही. शेवटच्या थांब्यापर्यंत गेले. तिथे नदी रुंद होते आणि पलीकडे जायला बोट सुटते. या शहरात त्रेपन्न वर्षं राहून मी त्या बोटीत कधी बसले नव्हते.

बोटीत गर्दी नव्हती. दोर सोडणाऱ्या माणसाने विचारलं, "पलीकडे कुणाकडे?" मी म्हटलं, "कुणाकडेच नाही." त्याने मान हलवली, जणू असे लोक रोज येतात. मधोमध गेल्यावर वारा सुटला. अंबाड्यातले काटे निघून पडले, केस तोंडावर आले, आणि ते बांधायला माझे हात लगेच गेले नाहीत. समोर बसलेली एक बाई माझ्याकडे बघून नाक मुरडत होती, वासामुळे असेल. बघू दे.

पलीकडे काही नाही. एक चढ, बंद गोदामं, चहाची टपरी. चहा घेतला. बाकावर माझ्या शेजारची जागा रिकामी होती आणि ती मला सारखी दिसत होती. एकदा रडूही आलं, थोडंसं. कुणी बघितलं नाही. मग सूर्य पाण्यापर्यंत उतरला तेव्हा परतीच्या बोटीत बसले.

घरी आल्यावर फोनपाशी बसले. आता त्याला सांगण्यासारखं झालं होतं: काटे पडले ते, दोरवाला, ती बाई. नंबर फिरवायला घेतला. आज शनिवार, त्याचा धावायचा दिवस; तो मैदानावर असेल.

फोन ठेवून दिला. मग पातेल्यात एकटीपुरता भात टाकला आणि तो शिजेपर्यंत खिडकीत उभी राहिले, केस तसेच मोकळे.